वाईट रस्त्याचा नमुना

एका जंगलात एक रस्ता होता. म्हणजे आधी नव्हता, मग झाला.

आधी तिथं नुसती टेकडी होती. टेकडीवर गवत होतं, गवतात वाटा होत्या, आणि त्या वाटा ज्यानं त्यानं आपापल्या पायांनी पाडलेल्या होत्या. मग सिंहमहाराज शेजारच्या जंगलात लग्नाला गेले. तिथं त्यांनी रुंद, सपाट, सरळ रस्ता पाहिला. घरी परत आल्यावर त्यांना जेवण जाईना. तेव्हा टेकडी मधोमध कापून तसाच रस्ता केला. शेजाऱ्यांच्यापेक्षा थोडा जास्तच रुंद केला.

बाळांनो, रस्ता झाला की त्याच्यावरून कुणीतरी धावायला लागतं. म्हणून गवे आणले. ज्याला पद, त्याला गवा. शिंगांना लाल फडकं बांधलं की तो सरकारी गवा. सरकारी गवा वाटेत थांबत नसे. थांबला तर त्याच्यावर बसलेल्याला काम नाही, असं लोक समजतील ना.

पायी चालणारेही जंगलात होतेच. साळिंदरं होती, ससे होते, पिल्लांना मागं घेऊन निघालेल्या तित्तरिणी होत्या. खारी सायकलवरून जात. पण रस्ता करताना यांची आठवण कुणाला झाली नाही. त्यांच्यासाठी कड सोडली होती, आणि कडेला पाण्याचा चर खणला होता.

या जंगलात केरबा नावाचं एक खवल्या मांजर राहत होतं. अंगभर खवले, तोंड लांबट, स्वभाव भिडस्त. केरबा रस्ते खात्यात ओव्हरसियर होता. त्याची आई हौसाबाई त्याच्याजवळच राहायची. आणि हौसाबाईंची थोरली बहीण, चंद्राक्का, राहायची रस्त्याच्या पलीकडे.

रस्ता व्हायच्या आधी दोघींच्या बिळांमध्ये हाकेचं अंतर होतं. रस्ता झाल्यावरही अंतर तेवढंच राहिलं. फक्त हाक पोचेना.

पूर्वी हौसाबाई रोज दुपारी आक्काकडे जात. दोघी एका वारुळापाशी बसत, मुंग्या खात, आणि ज्यांची निंदा करायची त्यांची हळू आवाजात करत. केरबा लहान असताना आईच्या शेपटीवर बसून जायचा. मावशी त्याला मऊ मुंग्या काढून ठेवायची.

रस्ता झाल्यावरही हौसाबाई जायला निघाल्या. निम्म्यात पोचल्या आणि गवा आला.

आता खवल्या मांजराची एक रीत आहे. भीती वाटली की ते जागच्या जागी गोळा होतं. डोकं पोटात, शेपूट वरून. वाघ आला तरी नखं घासून कंटाळून निघून जातो. ही रीत वाघासाठी फार चांगली आहे. गव्यासाठी नाही. गवा नखं घासत नाही. तो खाली बघतच नाही.

गव्याचा खूर शेपटीला लागला. दोन-चार खवले उडाले. हौसाबाई गडगडत चरात जाऊन पडल्या. गव्यावरचं रानडुक्कर मागं वळून म्हणालं, "रस्त्यात गोटे टाकतंय कोण?"

तेव्हापासून हौसाबाई जाईनात. दुपारी रस्त्याच्या अलीकडे येऊन बसायच्या. पलीकडे आक्का येऊन बसायची. मधून गवे जायचे. गव्यांच्या मधून ही तिला दिसायची, ती हिला दिसायची. बोलणं नाही. ऊन उतरलं की दोघी शेपटी उचलून दाखवायच्या आणि घरी जायच्या.

एकदा संध्याकाळी आईनं केरबाला विचारलं, "तू रस्त्याचा साहेब न्हवं?"

"साहेब नाही आई. ओव्हरसियर."

"मग ओव्हरसियरला एक ओलांडायची जागा करता येत न्हाई व्हय?"

केरबा वारुळाकडे वळला. त्याला त्या दिवशी मुंग्या गोड लागल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो तरसेसाहेबांकडे गेला. तरसेसाहेब रस्ते खात्याचे मुख्य. जातीचे तरस असल्यामुळे ते सारखे हसत. आनंदाची गोष्ट असो की दुःखाची, आधी हसत, मग ऐकत.

"साहेब, आमच्या टेकडीपाशी पायी ओलांडायची सोय करावी म्हणतो."

तरसेसाहेब हसले. "पायी चालणाऱ्यांना सोय कशाला? त्यांना पाय आहेत की."

"पण साहेब, गवे थांबत नाहीत."

"बरं, समजा करायची म्हटली. कशी करणार? तुझं त्यातलं प्रशिक्षण झालंय?"

"नाही, साहेब."

"मग? प्रशिक्षणाशिवाय हात लावलास आणि काही झालं तर? आधी शिक. शिकल्यावर बघू."

केरबाला हे पटलं. मोठ्यांचं बोलणं त्याला नेहमीच पटायचं. आणि योग असा की त्याच थंडीत जंगलात प्रशिक्षण ठरलं. विषय होता, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रस्ते कसे आखावेत.

शिकवायला लांबच्या देशातून करकोचेबाई येणार होत्या. बाई जातीनं करकोचा. दर थंडीत त्या डोंगर ओलांडून इकडे येत, आणि जंगलोजंगली जाऊन रस्ते शिकवत. पाय लांब, मान लांब, बोलणं मऊ.

वर्ग मोठ्या गुहेत होता. सगळे प्रशिक्षणार्थी गव्यांवरून आले. गवे गुहेच्या तोंडाशीच उभे केले. चालत आलेला एकटा केरबा. त्याला गव्यांच्या पोटांखालून आत जावं लागलं. पोचायला उशीर झाला, म्हणून दारातल्या माकडानं त्याला बोलणी दिली.

आधी दिवा लावला. मग सिंहमहाराजांचा संदेश वाचला. मग प्रत्येकानं आपली ओळख करून दिली. मग चहा झाला. चहानंतर करकोचेबाई बोलायला उभ्या राहिल्या, आणि बाळांनो, खरं सांगतो, त्या फार छान बोलल्या.

त्या म्हणाल्या, "रस्ता म्हणजे गव्यांची धावपट्टी नव्हे. रस्ता म्हणजे जंगलाचं अंगण. आपण आखताना मधून सुरुवात करतो. गव्यांना हवी तेवढी जागा देतो, आणि उरली तर चालणाऱ्यांना. उद्यापासून कडेनं सुरुवात करा. आधी चालणारे. मग सायकली. मग सावलीची झाडं. शेवटी उरेल ते गव्यांना."

केरबाचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, या बाई आपल्या आईला ओळखतात की काय.

बाईंनी पुष्कळ शिकवलं. वळण अरुंद ठेवलं की गवा आपसूक हळू होतो. ओलांडायच्या जागी रस्ता थोडा उचलून घेतला की गव्याला पाय आवरावा लागतो. रुंद रस्त्याच्या मधोमध एक ओटा बांधावा. म्हणजे चालणाऱ्यानं अर्धा रस्ता पार करून घटकाभर थांबावं, आणि मग उरलेला करावा.

नंतर बाईंनी सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या आणि गुहेत चालायला लावलं. आंधळ्यांचे काय हाल होतात ते कळावं म्हणून. रानडुक्कर खांबावर आपटलं. पट्टी काढून म्हणालं, "आज कळलं हो बाई. आज डोळे उघडले." आणि बाहेर येऊन गव्यावर बसलं, आणि असं सुसाट गेलं की दारातलं माकड झाडावर चढलं.

तिसऱ्या प्रहरी बाईंनी विचारलं, "तुमच्या जंगलातलं एखादं वाईट ठिकाण सांगाल का? जिथं चालणाऱ्याला ओलांडताच येत नाही असं."

आपल्या हातचं काम वाईट आहे हे कोण सांगणार? केरबानं भीत भीत पंजा वर केला. त्यानं आईची गोष्ट सांगितली. आक्काची सांगितली. शेपटीची सांगितली. तरसेसाहेब फक्त एकदाच हसले.

बाई म्हणाल्या, "हेच. हेच ठिकाण आपण बघायचं."

ठिकाण गुहेपासून अगदी जवळ होतं. तरी सगळे गव्यांवरून गेले. बाई उडत गेल्या. त्यांच्यासाठी शिपायांनी दोन्हीकडून रस्ता अडवला. पाहुण्या होत्या, त्यांच्या अंगावर गवा गेला असता तर जंगलाची अब्रू गेली असती.

हौसाबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. एवढी मोठी मंडळी बघून त्या गोळा व्हायलाच निघाल्या होत्या. केरबानं धरलं.

बाई वाकून म्हणाल्या, "आजी, जरा पलीकडे चालून दाखवता? नेहमी जाता तसं."

"नेहमी कुठं जातीय बाई मी? जाता येत न्हाई म्हणूनच तर हे सगळं."

"मग कसं जाता येत नाही, ते दाखवा."

हौसाबाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. रस्ता रिकामा. एक पाय टाकला. दुसरा टाकला. कुणी ओरडलं नाही. त्या चालत राहिल्या आणि बघता बघता पलीकडे गेल्या.

पलीकडे आक्का उभी होती. दोघींनी एकमेकींच्या तोंडावरून पंजे फिरवले. आक्का म्हणाली, "वाळलीस गं." हौसाबाई म्हणाल्या, "तू बोलू नगंस."

मागं मंडळी दोऱ्या धरून रस्ता मोजत होती. कुणी चराची खोली बघत होतं. बाई म्हणत होत्या, "पाहिलंत? किती अडचण आहे या आजींना." सगळे माना हलवत होते.

"आजी, परत या," माकडानं हाक मारली. "मोजून झालं. रस्ता सोडायचाय."

हौसाबाई परत आल्या. त्यांच्या तोंडात आक्कानं दिलेल्या चार मुंग्या होत्या. त्या त्यांनी घरी येईपर्यंत गिळल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी त्या ठिकाणाचे आराखडे काढले. केरबाचा सगळ्यांत सुरेख झाला. उचललेला रस्ता, मधोमध ओटा, ओट्यावर करंजाचं झाड, कडेनं खारींच्या सायकलींची पट्टी. बाईंनी त्याचं कौतुक केलं. तरसेसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. आराखडा गुहेच्या भिंतीवर लावला.

केरबा उड्या मारतच घरी गेला. "आई, झालं. आता फक्त बांधायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ओट्यासाठी दगड ओढत आणले. पहिला दगड ठेवतोय तोच तरसेसाहेबांचा गवा येऊन थांबला. सरकारी गवा थांबला म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

"केरबा, काय करतोस?"

"ओटा, साहेब. माझं प्रशिक्षण झालं ना."

तरसेसाहेब हसले, आणि मग घाबरे झाले. "अरे, ठिकाण बिघडवतोस? पुढच्या महिन्यात शेजारच्या जंगलाची तुकडी येतेय शिकायला. त्यांना दाखवायचं काय?"

"त्यांना चांगला रस्ता दाखवू की, साहेब."

"चांगला रस्ता बघून कोण काय शिकणार? करकोचेबाई काय म्हणाल्या ऐकलं नाहीस? इतकं वाईट ठिकाण त्यांना कुठल्याच जंगलात मिळालं नाही. एका जागी सगळे दोष. हा नमुना आहे नमुना. आणि तो आपल्या जंगलात आहे, तुझ्यामुळं मिळालाय. आणि तूच तो मोडायला निघालास?"

केरबा दगडाकडे बघत राहिला. साहेबांचं बोलणं त्याला नेहमी पटायचं. या वेळी पटलं नाही, तरी त्यानं दगड उचलून बाजूला ठेवला.

त्याच दुपारी तिथं एक पाटी लागली.

"हे ठिकाण प्रशिक्षणासाठी राखीव आहे. कृपया येथे सुधारणा करू नये."

केरबाला मात्र बढती मिळाली. तो प्रशिक्षणाचा प्रमुख झाला. त्याला गवाही मिळाला. गव्यावर बसायला तो लाजला. आई म्हणाली, "बस रं. पण हळू जा." तो हळूच जायचं ठरवून बसला. पण बसणाऱ्यानं काय ठरवलंय ते गव्याला कळत नाही. दुपारी केरबा आईच्या समोरून धाडधाड गेला. तिला हात करावा म्हणेपर्यंत ती मागं राहिली.

पुढं तुकड्यांवर तुकड्या आल्या. केरबा जीव ओतून शिकवायचा. अंगणाचं वाक्य सांगताना त्याचे डोळे खरोखर भरून यायचे. त्यानं शिकवलेल्यांनी आपापल्या जंगलांत जाऊन पुढं शिकवलं. असं म्हणतात की एका जंगलात कुणीतरी चुकून ओटा बांधला सुद्धा.

आणि इकडे एक गंमत झाली. स्थळभेटीच्या दिवशी रस्ता अडवतात हे हळूहळू सगळ्या जंगलाला कळलं. मग त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना गर्दी व्हायला लागली. साळिंदराला पलीकडच्या डॉक्टर घुबडाकडे जायचं असे. तित्तरिणीला पिल्लं आजोळी न्यायची असत. शेवंता नावाची एक खार करवंदांची टोपली सायकलला बांधून कडेला उभी राही, आणि केरबाला म्हणे, "अहो साहेब, भाषण आवरा की जरा. करवंदं मऊ पडायला लागली."

हौसाबाईही त्या दिवशी धुतलेलं तोंड घेऊन सकाळपासून बसत. प्रशिक्षणार्थी मोजत बसले की त्या जात, आक्काजवळ बसत, आणि माकडानं हाक मारली की परत येत.

ओलांडणाऱ्यांची मोजणी चांगली यायची. "बघा," तरसेसाहेब पाहुण्यांना सांगत, "प्रशिक्षणामुळे आमच्याकडे पायी चालणं किती वाढलंय."

एकदा केरबानं धीर करून म्हटलं, "साहेब, बाकीच्या दिवशी इथून एकही जण ओलांडत नाही. आता तरी ओटा बांधू या."

"तूच म्हणतोस एकही जण ओलांडत नाही," साहेब हसत म्हणाले. "मग बांधायचा कुणासाठी?"

अशी थंडी सरली. करकोचेबाई आपल्या देशाला उडाल्या. उन्हं तापली. तुकड्या येईनाशा झाल्या. रस्त्यावर पुन्हा नुसते गवे.

आणि एके दुपारी चंद्राक्का पलीकडे दिसली नाही.

दुसऱ्या दिवशीही दिसली नाही. हौसाबाई शेपटी उचलून उभ्या राहिल्या. तिकडून शेपटी आली नाही. शेवटी शेवंताच जीव मुठीत धरून, दोन गव्यांच्या मधून सायकल काढत पलीकडे जाऊन आली. तिची टोपली वाटेतच सांडली होती.

"आक्काला बरं नाही हो," ती धापा टाकत म्हणाली. "बिळात पडून आहे. मुंगी सुद्धा उचलवत नाही तिला. हौसा कुठाय, एवढंच विचारते."

केरबा कचेरीतून आला तेव्हा आई रस्त्याच्या अगदी काठाशी उभी होती. तो गव्यावरून उतरेपर्यंत तिनं एक पाय पुढं टाकला होता. गवा गेला, तिनं मागं घेतला. पुन्हा टाकला.

"आई, मागं ये."

"मी जाणार."

"अगं, तू मधे गोळा होशील."

"न्हाई व्हणार."

"ते आपल्या हातात नसतं, आई."

हौसाबाई त्याच्याकडे वळल्या. "तुला एवढं सगळं शिकवाय येतं. मला एकदा तिकडं न्हे. परत कधी म्हणणार न्हाई."

केरबा गव्यावर बसला आणि तसाच तरसेसाहेबांकडे गेला.

"साहेब, घटकाभर गवे थांबवता येतील का? मावशी जायच्या वाटेवर आहे. आईला पलीकडे न्यायचंय."

तरसेसाहेब हसले, पण हसून झाल्यावर त्यांचं तोंड खरंच उतरलं. ते वाईट नव्हते, बाळांनो. त्यांनाही आई होती. ती रस्त्याच्या याच बाजूला राहायची, एवढंच. "केरबा, माझ्या हातात असतं तर कधीच थांबवले असते. पण गवे थांबतात ते दोनच गोष्टींसाठी. महाराजांची स्वारी निघाली तर, नाहीतर प्रशिक्षण असलं तर."

"आणि ओटा?"

"ते ठिकाण राखीव आहे."

केरबा हळूच म्हणाला, "मग प्रशिक्षण घेऊ का?"

"ते घे की," साहेब म्हणाले. "त्याला कोण नको म्हणतंय?"

केरबानं त्याच दुपारी उजळणी वर्ग जाहीर केला. नव्यानं शिकायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून आधी शिकलेल्यांनाच बोलावलं. रानडुक्कर आलं, बिबट्या आला, कारकून माकडं आली. सावलीत झोपलेल्या दोन कोल्ह्यांनाही उठवून आणलं. वर्ग गुहेत न घेता रस्त्याच्या काठावरच घेतला.

पण प्रशिक्षण म्हटलं की त्याची म्हणून एक रीत असते. ती झाल्याशिवाय शिपाई रस्ता अडवेनात. दिवा लावायला गेले, तर येणाऱ्या-जाणाऱ्या गव्यांच्या वाऱ्यानं तो विझायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा विझायचा. मग संदेश वाचला. मग ओळख. रोज एका कचेरीत बसणाऱ्यांनी एकमेकांना आपापली नावं सांगितली. हौसाबाई काठावर उभ्या होत्या. त्यांचे खवले हलत होते.

तरसेसाहेब भाषणाला उभे राहिले. "आजचा विषय आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे," त्यांनी सुरुवात केली, आणि मग हौसाबाईंच्याकडे बघून म्हणाले, "म्हणून मी दोनच शब्द बोलतो." आणि खरंच दोन शब्द बोलून बसले. खात्यात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

शिपायांनी रस्ता अडवला. गवे फुरफुरत थांबले.

हौसाबाई निघाल्या. सवयीनं रानडुक्कर दोरी घेऊन मोजायला पुढं आलं. "आजी, जरा सावकाश. मधे थांबा, इथं ओटा आहे असं समजा." हौसाबाई थांबल्या नाहीत. रानडुकराच्या दोरीवरून पाय उचलून टाकत त्या सरळ गेल्या. पलीकडे चर होता, त्यात उतरल्या, वर चढल्या, आणि आक्काच्या बिळात शिरल्या.

आक्का जिवंत होती. डोळे मिटलेले होते. हौसाबाई तिच्या शेजारी आडव्या झाल्या.

"आलीस?" आक्का म्हणाली.

"आले."

"वर्ग हाय व्हय आज?"

"व्हय. केरबानं घेतलाय."

"चांगला शिकला पोरगा," आक्का म्हणाली.

हौसाबाईंनी वारूळ उकरलं. मऊ मुंग्या काढून एक एक करून तिच्या जिभेवर ठेवल्या. आक्कानं एक गिळली. मग दुसरी गिळली.

बाहेर ऊन उतरलं. शिपाई चुळबुळ करायला लागले. गव्यांवरचे अधिकारी ओरडायला लागले. माकडानं नेहमीसारखी हाक दिली, "आजी, परत या. वर्ग संपला."

हौसाबाई बिळाच्या तोंडाशी आल्या. "तुमचं शिकून झालं असंल," त्या म्हणाल्या. "माझं इथलं काम झालं न्हाई. सोडा तुमचा रस्ता."

रस्ता सोडला. गवे उधळले. धूळ बसली तेव्हा हौसाबाई पलीकडे होत्या आणि केरबा अलीकडे.

आक्का त्या उन्हाळ्यात गेली नाही. मुंग्या खाऊन, निंदा करून, ती हळूहळू उठून बसायला लागली. हौसाबाई तिथंच राहिल्या. आक्काला एकटीला सोडून यायचं कसं, आणि यायचं म्हटलं तरी कशावरून?

केरबाचं घर रिकामं झालं. तो दुपारी रस्त्याच्या काठाशी येऊन बसू लागला. पलीकडे दोघी दिसायच्या. आईनं शेपटी उचलली की तोही उचलायचा. पण एवढा मोठा साहेब असा काठावर बसून शेपटी उचलतो, हे त्याच्या गव्याला बरं वाटायचं नाही.

एका दुपारी त्याला राहवलं नाही. त्यानं पहिल्यांदाच, वर्ग नसताना, रस्त्यावर पाय टाकला. दोन पावलं गेला असेल. गवा आला. रस्ते कसे आखावेत हे तोंडपाठ असलेला केरबा जागच्या जागी गोळा झाला. गवा कडेनं निघून गेला. केरबा उठला, आणि रांगत काठाला परत आला.

पलीकडून आईनं हाक मारली. क्षणभर गवे नव्हते, म्हणून ती ऐकू आली.

"येऊ नगंस रं लेकरा. वर्ग असंल तवा ये."

तेव्हापासून त्या जंगलात दर आठवड्याला वर्ग असतो. तेच रानडुक्कर, तोच बिबट्या, तेच दोन कोल्हे. केरबा सगळ्यांच्या आधी येतो, दिवा वाऱ्याच्या आड धरून लावतो, आणि मोजणी सुरू झाली की स्वतःच पलीकडे जातो. तिथून लवकर परत येत नाही. लांबलांबच्या जंगलांतून लोक म्हणतात, रस्त्यांच्या शिक्षणाची इतकी तळमळ असलेला अधिकारी कुठं बघितला नाही. सिंहमहाराजांनी त्याला शाल दिली. शाल त्यानं पलीकडे नेऊन आईच्या अंगावर घातली.

तात्पर्य:

बाळांनो, रस्ता कसा बांधायचा ते नीट शिकावं, आणि रस्ता मात्र आहे तसा ठेवावा. चांगला रस्ता एकदा बांधला की त्याच्याकडे पुन्हा कुणी बघायला येत नाही. वाईट रस्ता असला तर निदान आठवड्यातून एकदा गवे थांबतात. म्हणून ज्यांची आई रस्त्याच्या पलीकडे राहते, त्यांनी ओट्यासाठी अर्ज करू नये. वर्गात नाव घालावं, आणि कधीही उत्तीर्ण होऊ नये.